शेगडीपाशी ठेवलेली पोती

सासूबाईंनी जेवता जेवताच सांगून टाकलं, या खेपेला ज्या शेडमध्ये कोंबड्या कमी मरतील, त्या सुनेच्या हाती दोन्ही शेड. थोरलीने हातातला घास परत ताटात टाकला. पंधरा वर्षं तिने खाद्यात अँटिबायोटिक स्वतःच्या हाताने कालवलं होतं, आणि आता ही कालची पोर तिच्या बरोबरीला!

धाकटी जाऊ तर रंगातच आली होती. "त्या औषधाची जंतूंना सवय होते, मग माणसांनाही ते लागू पडेनासं होतं. माझी पावडर चांगल्या जंतूंपासून करतात. पोस्टबायोटिक. त्यात काय असतं..."

"शिकलेल्यांनी शिकवावं, आम्ही भांडी घासावीत," म्हणत थोरली ताटं उचलून आत गेली आणि नळ मुद्दाम मोठा सोडला.

पहिल्या दहा दिवसांत धाकटीची सात पिल्लं मेली, थोरलीची एकवीस. सासूबाई धाकटीच्या शेडमधून हसत बाहेर आल्या, तसा थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. जंतूच ना ते? उष्णतेने मरतील की! दुपारी सगळे आडवे झाले की ती पावडरची पोती पिल्लांच्या शेगडीपाशी ओढायची आणि चहाच्या आत जागेवर लावायची. असं चार दिवस केलं. मग रोज सकाळी धाकटीच्या दारातली मेलेल्या पिल्लांच्या बादलीत डोकावून बघायची. मेली बादली रिकामीच! स्वतःची मात्र झाकून न्यावी लागायची.

पस्तिसाव्या दिवशी सासूबाईंनी आकडे वाचले. धाकटीची अकरा, थोरलीची चौसष्ट.

"शक्यच नाही!" थोरलीचा तोल गेला. "चार दिवस शेगडीपाशी शेकली मी ती पोती!"

"शेकलीस? ती कशाला?" सासूबाईंच्या कपाळाला आठी पडली.

"मीच सांगितलं होतं, आई," धाकटी पटकन म्हणाली. "पावडर दमट झाली होती."

सासूबाई धाकटीच्या हातात दोन्ही शेडच्या किल्ल्या देऊन गेल्या. थोरलीची मान वर होईना.

"ताई, त्यातले जंतू मेलेलेच असतात," धाकटी हळूच म्हणाली. "मारूनच पावडर करतात. त्या दिवशी तेच सांगत होते, तर तुम्ही ताटं घेऊन उठलात. उद्या कालवायला याल ना माझ्याबरोबर? तुमच्या हाताचा अंदाज मला नाही."

थोरली हो म्हणाली. पण आतून जळत होती. भांडली असती मेली, तर निदान तिला चार शिव्या तरी घालता आल्या असत्या.