चौथी माळ

‘बाई, परत कुनाच्या लेकराचा डोळा असा चमकला, तर कुनाला इचारीत बसू नगा. उचला आन् दवाखान्यात न्या. एवढं कबूल करा मला.’

राहीबाईला मी कबूल केलं, त्याला आता तीन वर्षं झाली.

मी वस्तीवरची अंगणवाडी सेविका. तिची लेक निकिता माझ्याकडेच यायची. नवरात्रात तिला ओवाळताना निरांजनाच्या उजेडात तिच्या डाव्या डोळ्याची बाहुली पांढरी लकाकली. मीच म्हणाले, ‘देवीचं तेज उतरलंय पोरीत.’ बायका तिच्या पाया पडल्या. दसऱ्यानंतर राहीबाईची माणसं कोपरगावकडे ऊसतोडीला गेली. तिथं पोरीचा डोळा दुखायला लागला, पण मुकादमानं फडावरून सोडलं नाही. चैत्रात परतली तेव्हा डोळा बाहेर आला होता. कॅन्सर. ‘चमक दिसली तेव्हाच आणायचं,’ पुण्याचे डॉक्टर म्हणाले. आषाढात निकिता गेली.

दिवा लावायचा माझा नेम आहे, तो सुटत नाही. आणि ज्योत स्थिरावली की तिच्याआड तो डोळाही रोज येतो.

आज चौथी माळ. सकाळी शेजारची रेश्मा आणि तिची सासू रतनबाई घटाच्या दर्शनाला आल्या. रेश्माची दीड वर्षाची संस्कृती देवघरातल्या अंधारात नंदादीपाकडे वाकली, आणि तिचा उजवा डोळा लकाकला.

हातातली माळ हातातच राहिली.

‘रेश्मा, हिला आत्ता नगरला न्यायचं.’

‘काय झालंय तिला?’ रतनबाई म्हणाली. ‘चांगली हसतीय, खेळतीय. दसऱ्याला आमची टोळी उसाला निघंल. आल्यावर दावू की.’

‘आल्यावर उशीर होतो, मावशी. निकिताला झाला.’

‘तवा तर तुमीच म्हनला हुता, तेज हाय म्हनून!’

‘हो. मीच म्हणाले होते.’

रतनबाईनं घटाकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, ‘घरात तुमी एकट्या. घट बसल्यात. मागं दिवा इझला तर?’

बावीस वर्षांत या दिवसांत माझ्या घराला कुलूप लागलेलं नाही. मी समईत काठोकाठ तेल ओतलं, वात पुढे सारली, माळ चढवली. कुलूप कुठे ठेवलंय ते आठवेना. शेवटी धान्याच्या डब्यामागे सापडलं.

रेश्मानं सासूकडे न बघता चपला पायात सरकवल्या.

दार ओढून घेतलं. फटीतून दिव्याचा उजेड येत होता. संस्कृती माझ्या खांद्यावरून वळून तिकडेच बघत होती. मी तिच्या डोक्यावर पदर ओढला आणि शेवगावमार्गे नगरला जाणाऱ्या गाडीसाठी फाट्याकडे निघाले.