ढिगाऱ्यावरची वेल

खाणीतून उपसलेल्या मातीचा डोंगराएवढा ढिगारा एका दुपारी घसरला आणि तिचा दादा खोदयंत्रासकट त्याखाली गेला. शोधणाऱ्यांनी जीव तोडून माती उपसली, पण ढिगारा पुन्हा हलू लागला तेव्हा त्यांनी हात टेकले. दादा तिथेच राहिला.

त्याची ही बहीण प्रयोगशाळेत मातीतल्या जिवाणूंवर काम करायची. वर्ष उलटल्यावर ती ढिगाऱ्याच्या पायथ्याशी गेली. जिथे गवताची काडी टिकत नव्हती, तिथे चपट्या शेंगांची एक रानवेल पसरली होती. तिने मूळ उकरलं. त्यावर मोहरीएवढ्या गाठी होत्या. एक नखाने फोडली, तर आत गुलाबी! म्हणजे आतले जिवाणू जिवंत होते, हवेतलं नत्र वेलीला भरवत होते.

ही वेल सगळ्या उतारावर लावली तर माती धरून ठेवेल, असं तिच्या मनाने घेतलं. तिने गाठींतले जिवाणू वाढवले, ढिगाऱ्याचीच माती कुंड्यांत भरली आणि घरी खिडकीत बिया लावल्या. नुसत्या बियांची रोपं पिवळी पडली, जिवाणू चोळलेल्यांची हिरवीगार झाली.

"ही माती कुठली गं?" वहिनीने विचारलं.

तिने सांगितलं. वहिनीचा चेहरा पांढराफटक पडला.

"तिथे तुझा दादा निजलाय. आणि तू तिथे खणतेस?"

हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"चुकलंच, वहिनी. पण ढिगारा अजून सुटाच आहे. खाली माणसं राहतात."

वहिनी उठून आत गेली. मग बऱ्याच दिवसांनी एका सकाळी चहाचा कप पुढ्यात ठेवत तिने विचारलं, "पेरायला किती खोल उकरावं लागतं?"

"बोटाच्या पेराएवढं."

"मग मी पेरीन. यंत्र नको तिथे."

डिंकाच्या पाण्यात जिवाणू कालवून दोघींनी बियांना चोळले आणि सगळा उतार हाताने पेरला. वरच्या अंगाचं पावसात वाहून गेलं. खाली मात्र वेली धरल्या.

गाठी बघायला नणंद एक वेल उपटायला वाकली, तशी वहिनीने तिचा हात धरला.

"राहू दे. वरून वाहून आलेली बघ, हवी तर."

एवढं बोलून ती वेलींतच मटकन बसली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोठ्याने रडली. नणंद तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिली. डोळे पुसून झाल्यावर दोघी बियांची पिशवी घेऊन वरच्या अंगाला चढल्या.