ते तेल माझं होतं

मित्रांनो, मी एक जुना हॅमर आहे. बोअरच्या गाडीवर लांब रॉडांच्या टोकाला बसून जमिनीत ठोकत जाणारा जो गडी असतो, तो मी. आज तुमच्या शाळेच्या लिंबाला साखळीनं टांगलेला आहे आणि रोज सकाळी तुम्ही मला घंटा म्हणून बडवता. बडवा. मी आयुष्यभर दुसऱ्याला बडवलं, आता माझी पाळी आहे.

माझा जन्मच मारामारीतला. लोखंड लाल करून घणाखाली घातलं, उलटंपालटं करून ठोकलं आणि धग निवायच्या आत तेलात बुडवलं. तोंडात कठीण धातूचे गोटे बसवले, दातच म्हणा. कॉम्प्रेसरची हवा पाठीत शिरली की मी मिनिटाला हजार ठोसे मारायचो. काळ्या पाषाणाचं पीठ होऊन वर उडायचं, गावातली कुत्री शेपूट घालून पळायची. मला त्याचा माज होता, खोटं कशाला बोलू.

लाड माझा एकच होता, तेलाचा. रॉड जोडताना दर वेळी व्यंकटी त्यात मापभर तेल ओतायचा. व्यंकटी म्हणजे मशीन चालवणारा, कंधारकडचा गडी, आठ वर्षं रोजंदारीवर. ते तेल माझ्या अंगातून निथळत तोंडावाटे भोकात पडे. ते नसतं तर मी माझ्याच ठोशांनी जळून गेलो असतो. हे तेल लक्षात ठेवा, पुढचं सगळं रामायण त्यातूनच घडलं.

लातूर जिल्हा नवा होता. कचेरीच्या खुर्च्यांवरचं प्लास्टिकसुद्धा अजून निघालं नव्हतं, आणि पाऊस मात्र तीन वर्षं फिरकला नव्हता. जळकोटच्या पुढे, याच तुमच्या गावात, टँकर आठवड्यातून दोनदा यायचा आणि विहिरीत रिकामा व्हायचा. बौद्धवाड्यातल्या बायांचा नंबर सगळ्यात शेवटी, तोवर तळाला गाळच उरे. एकदा त्यांच्यातल्या पंचशीलाबाईंनी नंबर सोडून पुढं घागर टाकली. रांगेत पुढं असलेल्या बाईनं हातातला पितळी हंडा सरळ त्यांच्या कपाळावर घातला. रक्त घागरीत पडलं, तरी बाईंनी घागर सोडली नाही. तेच पाणी घरी नेलं आणि गाळून प्यायलं.

त्यानंतर बौद्धवाड्याला बोअर मंजूर झाली आणि आमची गाडी आली. एकशे सत्तर फुटांवर मी एक चीर फोडली आणि पाण्यानं मला असं वर ढकललं की रॉड थरथरले. बाई वाकल्या, ओंजळ भरली, हुंगली.

"वास येतो, भाऊ."

व्यंकटी हसला. "मशीनचं तेल हाय, मावशी. दोन दिस हापसा, जाईल सगळं."

आमच्या कामात रीत अशी की तपासणीसाठी पाण्याची बाटली दोन दिवस उपसल्यावर भरायची. पण त्या दिवशी जिल्ह्याच्या कचेरीतले साहेब जीपनं आले होते आणि त्यांना घाई होती. त्यांनी पहिल्याच पाण्याची बाटली भरून नेली. पाण्यावर निळा-जांभळा तवंग होता. तो माझा होता, मित्रांनो. माझ्या तोंडातून गळलेला.

इकडे हापसा बसला, तवंग गेला, बाईंच्या घरी पहिल्यांदा पोटभर पाणी आलं. तिकडे ती बाटली टेबलावरून टेबलावर फिरली आणि तवंग जमिनीतल्या तेलाचा ठरला. नव्या जिल्ह्याला नाव करायचं होतं. तीन महिन्यांत हुकूम निघाला: याच भोकात सहाशे फूट खाली जाऊन खनिज तेल शोधावं.

हुकूम ऐकून गुंडप्पा खोकेपर्यंत हसला. गुंडप्पा म्हणजे आमचा कॉम्प्रेसरवाला, उदगीरकडचा म्हातारा.

"आमच्याच डब्यातलं तेल शोधायला आमालाच धाडायलेत," तो म्हणाला.

व्यंकटी मात्र हसला नाही. खालचा पाषाण त्याला ठाऊक होता. अडीचशेच्या आसपास पोकळ थर लागतो, तो फुटला की वरचं पाणी खाली पळतं, हे त्यानं दोन गावांत पाहिलं होतं. त्यानं साहेबांसमोर बादलीभर पाणी ठेवलं आणि डब्यातलं तेल थेंबभर सोडलं. तोच निळा-जांभळा तवंग उमटला.

"साहेब, हेच ते तेल. मीच वतलो होतो. आन् खाली गेलो तर गावाचं पाणी जाईल."

साहेबांनी बादली बुटानं लवंडली. "मंजुरी आली आहे. कायम व्हायची तुझी फाईल माझ्याकडेच आहे, एवढं ध्यानात ठेव."

व्यंकटीनं रिकामी बादली उचलली आणि मशीनकडे वळला.

काम सुरू झालं ते मे महिन्यातल्या भर दुपारी. हापसा उपटला तेव्हा पंचशीलाबाई भोकावर पालथी घागर ठेवून तिच्यावर बसल्या. चार शिपाई आले. कुणी खांदा धरला, कुणी केस. बाईंनी एकाच्या मनगटाला चावा घेतला, त्यानं काठी उगारली. काठी पाठीत बसली, घागर फुटली. मग वाड्यातून दगड सुरू झाले. एक गुंडप्पाच्या जबड्यावर बसला, दोन दात पडले. म्हातारा तोंड धरून टायराला टेकला, पण दगड मारणाऱ्याला शिवी दिली नाही.

"व्यंकटी," तो रक्त थुंकत म्हणाला, "चालू करू नको."

साहेबांनी बोट दाखवलं. व्यंकटीनं हँडल ओढलं.

आणि मी ठोकलं. मला थांबता येत नाही, मित्रांनो. हवा आली की ठोकायचं, एवढंच मला शिकवलं आहे. त्या दिवशी मी जितकं माजून ठोकलं तितकं कधी ठोकलं नव्हतं. दोनशे चाळीस फुटांवर माझ्या तोंडाखालची जमीन एकाएकी नाहीशी झाली. पीठ वर यायचं बंद झालं. माझ्या दोन्ही अंगांनी पाणी खाली निघालं, गडगडत, सगळंच्या सगळं. त्यांचं पाणी मी फोडून दिलं होतं.

"आणखी खाली," साहेब म्हणाले.

पण मी अडकलो होतो. व्यंकटी म्हणाला, जपून काढू द्या, तासभर लागेल. साहेबांनी वेळ दिला नाही, रॉड वर ओढायचा तारेचा दोर पुरा ताणायला लावला. तो तुटला. रॉड भेलकांडत आला आणि व्यंकटीचा उजवा हात मशीनच्या खांबावर चेचला गेला. तीन बोटं जागच्या जागी गेली. दगडाच्या पिठावर रक्त पडलं आणि पिठानं ते शोषून घेतलं. साहेब जीपकडे निघाले.

पंचशीलाबाई उठल्या. पाठ वाकलेली, केस सुटलेले. व्यंकटीसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"तुला म्हाईत होतं ना?"

"हाव, मावशी."

त्यांनी त्याच्या कानफटात मारली. त्याची मान वळेपर्यंत मारली. मग खाली बसल्या, पदराची पट्टी दातानं फाडली आणि त्याचा हात बांधला. बांधताना त्या रडत होत्या आणि तोही रडत होता. मला लाज वाटली. लोखंडालाही वाटते.

तेल निघालं नाही, हे सांगायला नको. आठवड्यानं मला बाहेर काढलं तेव्हा दात झिजलेले, कातडं फाटलेलं. भंगारात पडलो. व्यंकटी कायम झाला नाही. दोन बोटांच्या हातानं त्यानंच मला इथं आणून टांगलं, बाईंना विचारून. आतलं सगळं काढलेलं आहे, म्हणून आवाज बरा निघतो. समोर ते भोक आहे, झाकण लावलेलं आणि कोरडं.

मित्रांनो, मला थांबता येत नव्हतं. हँडल ज्याच्या हातात होतं त्याला येत होतं, आणि त्याला खरं काय ते ठाऊकही होतं. तुमच्या हातात कधी हँडल आलं तर एवढं आठवा.

आणि एक विनंती. माझ्यासारखी जुनी अवजारं तुम्हाला सांगतात, आम्हाला पुसा, तेल लावा. मला गंज चढला तरी चालेल. मला तेल लावू नका.