थरथर कुणाची

अकरा वर्षं बाईंना एकाच प्रश्नानं झपाटलं होतं. रक्तातल्या तांबड्या पेशीचं आवरण सतत थरथरतं, ते का? उष्णतेचे धक्के बसतात म्हणून, की पेशी जिवंत आहे म्हणून? बाईंचं सगळं काम कागदावरचं. त्यांच्या समीकरणांतून निघालं, की मंद थरथरीतला निम्मा वाटा जिवंतपणाचा. त्यावर त्यांचं नाव झालं. विभागात त्यांना थरथरबाई म्हणत. त्यांनाही ते आवडे.

एका सकाळी शेजारच्या प्रयोगशाळेतला मिशीवाला संशोधक आलेख घेऊन आला. बसला नाही.

“पेशींची सगळी ऊर्जा काढून घेतली, मेल्यातच जमा म्हणा. तरी तेवढ्याच थरथरतायत.”

“पुन्हा मोजा.”

“चारदा मोजलं, बाई.”

बाईंनी जुन्या वह्या उपसल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी चूक सापडली. आवरणाच्या आतही द्रव, बाहेरही द्रव. द्रवाचा अडथळा मात्र त्यांनी एकाच बाजूचा धरला होता. त्यामुळे गणितात आवरण खऱ्याहून जलद हलत होतं, उष्णतेची मंद थरथर कमी भरली आणि उरलेली त्यांनी जिवंतपणाची मानली. अक्षर त्यांचंच होतं, छान सुवाच्य.

त्यांनी विद्यार्थिनीला बोलावलं. तिचा प्रबंध याच समीकरणांवर उभा होता.

“किती प्रकरणं बदलावी लागतील?” तिनं विचारलं.

“काहीच उरत नाही गं.”

तिनं वहीतल्या त्या ओळीवर बोट ठेवलं. “मी दुसऱ्या वर्षी विचारलं होतं, आतल्या बाजूचं काय म्हणून. तुम्ही म्हणालात, ते नगण्य आहे.”

बाईंना ते आठवलं. त्या दिवशी त्या घाईत होत्या. आठवड्याभरात मुलीनं टेबल रिकामं केलं. निरोप घ्यायला ती आली नाही.

नियतकालिकाला पत्र गेलं: लेख मागे घेत आहे. मग बाई वडिलांकडे गेल्या. जन्मभर शिवणकाम केलेला माणूस; जिवंत आणि मेलेल्यातला फरक आपली लेक गणितानं सांगते, हे येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा.

“बाबा, माझं सगळं चुकलं.”

“चुकलं तर उसवायचं आणि पुन्हा शिवायचं.”

बाई सत्तावन्न वर्षांच्या होत्या. पुन्हा शिवायला हातात कापडच उरलं नाही, हे त्यांना ठाऊक होतं. त्या “हो” म्हणाल्या आणि वडिलांचा चष्मा पुसत बसल्या.