अबोलीचे आकडे

माझी मुलगी अबोली सात वर्षांची असताना डॉक्टरांनी तिला फुंकायचं मीटर आणायला सांगितलं. प्लॅस्टिकची नळी, तिच्यावर आकडे. जोरात फुंकलं की काटा सरकतो आणि श्वास किती मोकळा आहे ते कळतं. आता, दहाव्या वर्षी, तिच्या उंचीला अडीचशेच्या आसपास यायला हवेत. आमच्या देवनारच्या घरी कचऱ्याच्या डंपिंगकडून धूर आला की एकशेसाठ यायचे. मागच्या हिवाळ्यात तिला दोनदा ॲडमिट करावं लागलं. त्याआधी एक वर्ष आम्ही मुलुंडला भाड्याने राहून पाहिलं होतं. तिथे आकडा दहाने वाढला, म्हणजे वाढला असं म्हणता येत नाही.

म्हणून जूनमध्ये तिला डोंगरावरच्या एका निवासी शाळेत पाचवीला घातलं. माझा नवरा मुकुल शेवटपर्यंत नाही म्हणत होता. मी औषधांच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला आहे, आणि त्याच्या मते मी घरातही तेच करते. "पोरगी आहे ती," तो म्हणाला, "बाहेर टेस्टिंगला पाठवायचं सॅम्पल नाही." मी त्याला दोन हिवाळ्यांचा आलेख दाखवला. त्याच्याकडे दाखवायला काही नव्हतं.

शाळेतून रविवारी चार वाजता फोन यायचा. दहा मिनिटं. मी तिला एक वही दिली होती, रोज सकाळ-संध्याकाळचा आकडा लिहायला, आणि फोनवर ती मला आठवड्याचे चौदा आकडे वाचून दाखवायची. जुलैत दोनशे दहा, ऑगस्टमध्ये दोनशे तीस, दसऱ्याला दोनशे पन्नास. सकाळचे संध्याकाळपेक्षा थोडे कमी, दम्यात असतात तसेच. मी ते आलेखावर चढवत गेले. मुकुलने वाद घालणं सोडलं. मैत्रिणींनी विचारलं की मुलांना असं लांब ठेवावं का, तर मी आकडे सांगायचे.

दिवाळीच्या सुट्टीत ती तीन आठवड्यांसाठी घरी आली. साडेपाचला उठून चादरीची घडी करायची. फ्रिज उघडण्याआधी विचारायची. तिच्या बाबाने चिडवलं, "काय मॅडम, हॉटेलात उतरलात का?" तर ती हसली, पण पुढच्या वेळी पुन्हा विचारलं.

आली त्या दिवशी मी तिला फुंकायला लावलं. दोनशे दहा. वहीत आदल्या दिवशी दोनशे पंचावन्न होते. घाटातून बसने आली, दमली असेल, असं मी धरून चालले. दहाव्या दिवशी एकशेसाठ आले. तेव्हा सगळे आकडे एकत्र बघावेत म्हणून मी वही उघडली.

वही नोव्हेंबरच्या शेवटापर्यंत भरलेली होती. त्या दिवशी नोव्हेंबरची चार तारीख होती.

मी ती घेऊन अबोलीसमोर बसले. ती घाबरली नाही. शाळेत गेल्यावर पहिले दोन आठवडेच खरं फुंकलं, म्हणाली. मग एकदम महिन्याचे लिहून टाकायची. सकाळचे कमी असतात हे मीच तिला शिकवलं होतं.

"पण का?"

"कमी सांगितलं की तू सगळी दहा मिनिटं त्याच्यातच घालवायचीस. पंप घेतलास का, कसा घेतलास, पुन्हा फुंक. बाबाशी बोलायचं राहून जायचं."

मी विचारलं, तिथे दम लागायचा का. कधी कधी, म्हणाली. रात्री.

"मग हॉस्टेलच्या मॅट्रनना उठवायचीस ना?"

"नाही. बसते उठून. पंप घेते. जातो थोड्या वेळाने."

हे तिने वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं. मुकुल उठून गॅलरीत गेला. परत आला तेव्हा म्हणाला की आता पाठवायचं नाही, विषय संपला. मी म्हटलं, पहिले दोन आठवडे सोडले तर तिथला खरा आकडा एकच आहे, ती आली त्या दिवशी मी स्वतः घेतलेला, दोनशे दहा. तो एकशेसाठपेक्षा पन्नासने जास्त आहे. डिसेंबर यायचाय.

"एका आकड्यावर?" तो म्हणाला. "तुझ्या लॅबमध्ये तू एका रीडिंगवर माल पास करशील?"

करणार नाही. मग आम्ही तिलाच विचारलं, आणि हे आम्ही करायला नको होतं. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग बाबाकडे, कुणाला काय ऐकायचंय याचा अंदाज घेत. शेवटी म्हणाली, "तिकडेच चालेल मला. तिकडे कोणी एवढं विचारत नाही."

मुकुलने वही मिटून बाजूला ठेवली.

दमा असलेल्या मुलांसाठी शाळेचा एक फॉर्म होता. सुट्टीतल्या शेवटच्या सात दिवसांचे आकडे, खाली आईवडिलांच्या सह्या. दोनशेच्या खाली असतील तर डॉक्टरांचं पत्र लागेल. डॉक्टर म्हणाले, दोनशे येऊ द्या, मग पत्र देतो. ते म्हणत होते ते बरोबरच होतं. पण या घरात नोव्हेंबरात दोनशे येत नाहीत. ती बरी झाल्याशिवाय तिला नेता येत नव्हतं, आणि नेल्याशिवाय ती बरी होत नव्हती. खिडक्या बंद करून, फटींना ओले टॉवेल लावून मी सात दिवस फुंकायला लावलं. एकशेसत्तर, एकशेसाठ, एकशेपंचावन्न. शेवटच्या सकाळी एकशेपन्नास.

निघायच्या दिवशी दुपारी मी फॉर्म घेऊन टेबलाशी बसले. अठरा वर्षांच्या नोकरीत मी कधी न घेतलेलं रीडिंग लिहिलेलं नाही. अबोलीची बॅग भरून झाली होती, बूट घालून ती शेजारी उभी होती. मी पहिल्या रकान्यात दोनशे पाच लिहिलं, दुसऱ्यात दोनशे पंधरा. चौदा रकाने भरायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. ती वाकून बघत होती. तिच्या श्वासाचा बारीक आवाज मला कानाशी ऐकू येत होता. तिने काही विचारलं नाही.

रात्री दम लागला तर मॅट्रनना उठवायचं, असं मी तिला पुन्हा सांगितलं. ती हो म्हणाली, लगेच, नीट मान हलवून.

मुकुलने फॉर्म वरपासून खालपर्यंत वाचला. मग माझ्या सहीखाली सही केली आणि बस किती वाजता सुटते ते विचारलं.