काशम्माचं छप्पर

थू असल्या कामावर! चैताचं ऊन टाळकं भाजत होतं आणि मी, सिद्धाप्पा, सरपंच महिपतीच्या सभेसाठी मांडवाची मेढ पुरत होतो. मागल्या चैतात गाव जळालं, त्याला वर्ष झालं म्हणून सभा. गाव पुन्हा कसं उभं राहिलं ते बघायला सोलापूरहून साहेब येणार. शाळेच्या भिंतीत नवा दगड बसवलेला, त्यावर बिरप्पाचं नाव. दावणीची बैलं सोडायला गेला आणि तिथंच जळून मेला बिचारा.

अन् त्याची बायको काशम्मा? ती चार जळक्या वाशांवर गोणपाट टाकून राहत होती. दहा घरं गावानं इरजिक घालून उभी केली. नांगरटीला हलगी वाजली की घरटी एक गडी येतो ना, तसंच. अकरावं घर तिचं, तेवढंच राहिलं. का, तर ती चावडीत उभी राहून म्हणाली होती, "महिपतीनं भर वाऱ्यात बांध पेटवला. तितनंच आग सुटली." त्या दिवसापासून महिपतीच्या भ्यानं तिच्या दारात कुणी फिरकलं नाही. पाऊस दोन महिन्यांवर आलेला.

पेटवला होताच की त्यानं! पावसाआधी बांधावरचं गवत आम्ही सगळेच जाळतो, पण वारं पडल्याबिगर काडी कोण लावतं? दुष्काळानंतरच्या दांडग्या पावसानं माळावर गवत कमरेएवढं माजलेलं. आग सुटली ती थेट कडब्याच्या गंजींवर. शेजारच्या रानातनं मी डोळ्यांनी बघितलं, आणि वर्षभर मिठाची गुळणी धरून बसलो. माझ्या रानाला पाणी महिपतीच्या विहिरीचं. किळस येते सांगताना.

दुपारी साहेब आले. महिपती फेटा सावरत बोलायला लागला, "आमचा बिरप्पा गेला, पर त्याच्या घरादाराला आमी वाऱ्यावर न्हाय सोडलं!"

माझ्या शेजारी चन्नप्पा मान डोलवत बसलेला.

"आरं चन्नप्पा, घर कुटं हाय तिचं?"

"गप की. साहेब हायती."

"खड्ड्यात गेला तुजा साहेब!"

उठलो, देवळातली हलगी घेतली आणि बडवत गल्लीनं निघालो. "काशम्माच्या छपराला इरजिक हाय होऽऽ! घरटी एक गडी!"

हलगी ऐकून जो येत नाही, त्याच्या रानात पुन्हा कुणी औत घेऊन जात नाही. नांगरट तोंडावर होती. माणसं चुळबुळली, मग एकेक करत उठली. पहिला चन्नप्पाच, लबाड कुठला! साहेबापुढं नुसती जाजमं राहिली.

दिवस कलला तोवर वासे चढले, वर बसून मी उसाचं पाचट पसरत आणलं. महिपतीही आला, डोक्यावर पाचटाचा भारा. न येऊन करतो काय? त्यालाही रान नांगरायचंच होतं.

काशम्मानं विचारलं, "काय सरपंच, आग कशानं लागली हुती?"

"वारं लई हुतं, वैनी."

"मग काडी बी वाऱ्यानंच वढली म्हना की."

त्यानं डोक्यावरचं ओझं छपराकडं उचललं. भारा मी वर ओढून घेतला.

इरजिकीला आलेल्यांना घरधनीण जेवू घालते. काशम्मानं चार घरचं पीठ मागून भाकरी थापल्या, डाळ शिजवली. पंगतीत वाढताना महिपतीला वगळून पुढं सरकली. मला लई बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? मग ती माझ्यापुढं येऊन थांबली.

"भावजी, तुमी बघितलं हुतं न्हवं?"

"व्हय."

"मी चावडीत बोलले, तवा तुमी कुटं हुता?"

"तितंच. तुमच्या मागं बसलो हुतो."

तिनं हातातली भाकरी माझ्या शेजारच्या चन्नप्पाच्या ताटात टाकली आणि पुढं गेली.

मी ताट सरकवून उठलो. कोपऱ्यातलं पाचट बांधायचं राहिलं होतं, ते बांधायला परत वर चढलो.