ऐकायची खुर्ची

कुरुंदवाडहून स्पीकर आले त्या दिवशी अभिनंदन मगदूम स्वतःच्या लग्नापेक्षा जास्त खुशीत होता. असं त्याची बायको ऐश्वर्या सगळ्यांना सांगायची, आणि लग्नात ती शेजारीच उभी असल्यामुळं तिच्यावर विश्वास ठेवायला हरकत नव्हती. शिरोलीच्या फौंड्रीत दिवसभर लोखंडाचा दणदणाट ऐकून आलेला माणूस घरी शांत बसेल असं कुणालाही वाटेल. पण ह्या गड्याला घरी आल्यावर चांगला आवाज लागायचा. वाईट आवाजानं विटलेले कान चांगल्या आवाजानं धुवायचे असतात, असं त्याचं एक शास्त्र होतं.

स्पीकर जुने होते, कमरेएवढ्या उंचीचे, शिसवी लाकडाचे. कुरुंदवाडच्या एका आक्कांनी ते विकायला काढले होते. आक्कांचे मालक, म्हणजे यजमान, गाण्याचे वेडे, ते वर्षापूर्वी वारले होते. आक्कांची अट एकच होती. त्या दारात वेताच्या एका खुर्चीला हात लावून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "पेट्या न्हेताय तर ही बी न्या, पावणं. ह्यांची ऐकत बसायची खुर्ची हाय. माझ्यानं बघवत न्हाय तिच्याकडं." अभिनंदनला काय, आनंदच झाला. वेत जरा सैल पडला होता, तो त्यानं नव्यानं विणून घेतला.

मग कसबा बावड्यातल्या त्यांच्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये लावालावी सुरू झाली. टीव्ही बेडरूममध्ये गेला. सोफा भिंतीला चिकटला. स्पीकर भिंतीपासून सोडवून पुढं घेतले, कारण भिंतीला टेकले की आवाज घुमतो. मग ते किंचित आत वळवले, लग्नातले दोन मामा एकमेकांच्या कानाला लागतात तसे. फरशीवर जाजम आलं. ऐश्वर्याच्या आईनं शिवलेली वाकळ भिंतीवर टांगली गेली, आवाज भिंतीवर आपटून परतू नये म्हणून. पांघरायची वस्तू भिंतीवर बघून ऐश्वर्याला हसू आलं. शेवटी दोन्ही स्पीकरपासून सारख्या अंतरावर ती खुर्ची ठेवली आणि तिच्या पायांपाशी फरशीवर लाल चिकटपट्टीच्या खुणा केल्या.

मगदुमांच्या घरात दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची. अभिनंदनच्या आईनं घालून दिलेली शिस्त, तो फौंड्रीच्या गडबडीतही मोडायचा नाही, उशीर होणार असला की डबा घेऊन जायचा. त्यामुळं दिवेलागणीपासून पुढं सगळी संध्याकाळ मोकळी असायची. पहिल्या संध्याकाळी त्यानं एक जुनी रेकॉर्ड लावली. कुणा बाईची गाण्याची बैठक होती. तो खुर्चीत बसला, डोळे मिटले, आणि थोड्या वेळानं त्याच्या अंगावर काटा आलेला ऐश्वर्याला स्वयंपाकघराच्या दारातून दिसला.

"मधोमध बसलीय बघ," तो हळूच म्हणाला. "पेट्यांतनं येतच न्हाय आवाज. मध्ये बाई बसलीय आणि गातीय."

ऐश्वर्यानं बघितलं. मध्ये जाजम होतं.

तिला ते कळणार नव्हतं, आणि ह्यात तिचा दोष नव्हता. शाळेत जायच्या वयात गालगुंड झालं आणि तिचा डावा कान कायमचा गेला. दोन स्पीकरांच्या मधोमध जो गाणारा उभा राहतो तो दोन्ही कानांनी मिळून उभा करायचा असतो. एका कानाच्या माणसाला खोक्यातून आवाज येतो, बास. अभिनंदनला हे ठाऊक होतं. लग्न झाल्यापासून रस्त्यानं चालताना, सिनेमात, पंगतीत तो न चुकता तिच्या उजव्या बाजूला असायचा. ह्या एका गोष्टीसाठी तिनं त्याचे शंभर गुन्हे माफ केले होते. पण त्या संध्याकाळी त्याच्या तोंडावरचा उजेड बघून तिला पहिल्यांदाच त्या कानाचं वाईट वाटलं, आणि थोडा हेवाही वाटला.

काही दिवसांनी खुर्ची खुणांवरून सरकलेली आढळली. बाल्कनीच्या दिशेनं, वीतभर मागं. अभिनंदन आधी चिडला, मग तिथंच बसून त्यानं ऐकलं आणि राग विसरला. तिथून गाणं जास्त चांगलं लागत होतं. बाईचा श्वास ऐकू येत होता म्हणे. त्यानं जुन्या खुणा खरवडल्या आणि नव्या केल्या. पुढच्या आठवड्यात खुर्ची पुन्हा मागं गेली. पुन्हा तिथून जास्त चांगलं. मग तो रोज फौंड्रीतून आला की बूट काढायच्या आधी खुर्ची कुठं आहे ते बघायचा, आणि तिच्या जागेनुसार स्पीकरांची तोंडं जुळवून घ्यायचा.

घर झाडायला चिमणाबाई यायची. खुर्ची तीच हलवत असणार, दुसरं कोण, असं ऐश्वर्यानं धरलं होतं. एकदा तिनं सहज विचारलं.

"म्या कशाला हलवू?" चिमणाबाई म्हणाली. "म्या तिच्याखाली झाडायचं सोडलंय, वैनी. केरसुणी खाली न्हेली की कुणीतर पाय वर घेतंय."

ऐश्वर्याला आधी नीट समजलं नाही. घरात कुणी झाडत असलं की बसलेला माणूस पाय उचलतो, ते तिला माहीत होतं. तीही उचलायची.

"वेत करकरतोय," चिमणाबाईनं समजावलं. "माणसाचं वजन मागं गेल्यागत. झाडून झालं की परत करकरतोय."

हे ऐश्वर्यानं रात्री अभिनंदनला सांगितलं. नव्या वेताला आवाज असतोच, असं तो म्हणाला, आणि हे सांगताना तो तिच्या डाव्या बाजूला बसला होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. तिला अर्धंच ऐकू आलं. चिमणाबाईच्या खुळचटपणापेक्षा तिला हेच जास्त लागलं आणि खुर्चीचं ती विसरून गेली.

त्यानंतर अभिनंदन तिचा राहिला नाही. रागावायचा नाही, भांडायचा नाही, जेवायला बोलावलं की यायचा. पण बोलताना त्याची नजर त्या जाजमावर असायची. तो आता 'गाणं' म्हणतच नव्हता, 'ती' म्हणायचा. आज ती जरा लांब होती. आज तिनं मान इकडं केली. ऐश्वर्यानं एकदा जाऊन त्याच्या मांडीवर डोकं ठेवलं, तर त्यानं ते अलगद बाजूला केलं, मध्ये आल्यावर आवाज अडतो म्हणून. तिला रडू फुटलं. तेही त्यानं ऐकलं नसावं.

होता होता खुर्ची बाल्कनीच्या दारापर्यंत पोचली, आणि मग दाराबाहेर. बाल्कनीला कठडा नव्हता, खालपासून वरपर्यंत लोखंडी ग्रिलच होतं. एके दिवशी तो म्हणाला की ग्रिल थरथरतंय, खालच्या सुरांना किणकिणतंय, त्यानं सगळी चव जाते. तिनं सांगितलं, त्यात कापूस कोंबा, रबर लावा, काहीही करा. त्यानं मान हलवली. तो ऐकतोय असं तिला वाटलं.

पुढच्या शनिवारी ऐश्वर्या शिकवायची त्या शाळेत पालकसभा होती. ती घरी आली तेव्हा दिवस नुकताच मावळला होता आणि साखर कारखान्याकडून मळीचा वास येत होता. टेबलावर अभिनंदनचं ताट तसंच झाकून होतं. आईच्या आजारपणात, लग्नाच्या धांदलीत, कधीही ह्या माणसाचं जेवण दिवसाच्या पलीकडं गेलं नव्हतं.

बैठक चालू होती. ग्रिल कापून भिंतीला टेकवून ठेवलं होतं. बाल्कनीच्या टोकाला, जिथं ग्रिल असायचं तिथं, मोकळ्या हवेला पाठ करून ती खुर्ची होती आणि तिच्यात अभिनंदन होता. त्याचे डोळे मिटलेले होते. पायाच्या अंगठ्यांनी तो खुर्ची मागं रेटत होता, अगदी थोडी थोडी. मागचे दोन्ही पाय काठाच्या फरशीवर आले होते. पलीकडं काही नव्हतं, खाली पार्किंग होतं.

हाक मारावी तर दचकून मागंच जायचा. धावावं तर तेच. ऐश्वर्याचं डोकं त्या क्षणी कसं चाललं हे तिला पुढंही सांगता आलं नाही. ती वाकली आणि डाव्या स्पीकरची वायर उपटली.

गाणं एका खोक्यात गेलं. अभिनंदननं डोळे उघडले. तोंडातला घास कुणी काढून घ्यावा तसा त्याचा चेहरा झाला होता.

"कुठं गेली?" त्यानं विचारलं. "आत्ता उठून माझ्याकडं येत होती."

तोवर तिनं त्याचे दोन्ही हात धरले होते आणि त्याला आत ओढलं होतं. जाजमावर दोघंही पडले. तो तिच्या उजव्या बाजूला पडला आणि लहान पोरासारखा रडला, आणि बऱ्याच दिवसांनी तिला त्याचं सगळं बोलणं ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी तिनं कुरुंदवाडला फोन लावला. आक्का म्हणाल्या की आमचे मालकही माडीवरनं पडूनच गेले, मागच्या सज्ज्यातनं. कसे पडले हे कुणाला कळलं नाही, गाणं मात्र चालू होतं. "त्या पेट्याच वंगाळ," त्या म्हणाल्या. "मला सांगायचं धाडस झालं न्हाय, बाई."

पेट्या त्याच दिवशी भंगारवाल्याकडं गेल्या, कुऱ्हाडीनं फोडून. रेकॉर्डही गेली. ग्रिल पुन्हा बसवून घेतलं, आधीपेक्षा जाड. वाकळ भिंतीवरून उतरून पलंगावर आली. अभिनंदन सुट्टी घेऊन महिनाभर घरी राहिला, त्याला झोप येऊ लागली, मग तो परत फौंड्रीत जाऊ लागला. घर पूर्वीसारखं झालं. वेताची खुर्ची तेवढी हॉलमध्ये राहिली. बिचारीनं काय केलं होतं? शिवाय वेत नवा होता आणि ऐश्वर्याला वह्या तपासायला ती बरी पडायची.

एका संध्याकाळी जेवणं आटोपून अभिनंदन खाली फेरी मारायला गेला होता. ती वह्या घेऊन खुर्चीत बसली होती. चिमणाबाईला त्या दिवशी उशीर झाला होता, ती हॉल झाडत होती. केरसुणी जवळ आली तशी ऐश्वर्यानं पाय वर घेतले. चिमणाबाई मात्र खुर्चीला वळसा घालून पुढं गेली, नेहमीसारखी, आणि केर भरून निघून गेली.

ऐश्वर्यानं पाय खाली टेकवले. ती स्थिर बसली होती, तरी जरा वेळानं वेत करकरला, तिच्यामागून आणखी कुणी पाय खाली टेकवल्यागत.

आणि डाव्या कानात कुणीतरी गायला लागलं.

ती हललीच नाही. त्या कानात लहानपणापासून काही शिरलं नव्हतं, वारासुद्धा नाही. आता तिथं एका बाईचा सूर होता, आणि उजव्या कानातही तोच, आणि दोन्ही मिळून समोर, मधोमध, जाजम होतं त्या जागी, कुणीतरी बसलं होतं. म्हणजे हे असं असतं तर. अभिनंदन सांगायचा ते खरं होतं. ऐश्वर्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि तिला भीती अजिबात वाटली नाही. इतकं गोड काहीतरी जगात होतं आणि इतकी वर्षं तिला ते कुणी दिलं नव्हतं.

फक्त बाई जरा लांब होती. शब्द लागत नव्हते. ऐश्वर्यानं अंगठ्यांनी खुर्ची थोडी मागं रेटली, आणि शब्द लागायला लागले.

खालच्या सुरांना मागं काहीतरी बारीक किणकिणत होतं. तिनं मान वळवून बघितलं. ग्रिल थरथरत होतं. उद्या कारागिराला बोलवून ते काढून टाकायला हवं, असं तिनं मनाशी ठरवलं आणि पुन्हा डोळे मिटले.